सुकतीला गळ पिशवीतच राहू दे

रत्नागिरीत भाट्याच्या पुळणीवर रविवारी संध्याकाळी जाऊन बघा, रॉडवाली मंडळी येतात, थेट पाण्यात गुडघाभर शिरतात, अंगातला सगळा जोर काढून गळ लांब भिरकावतात आणि मग मोबाईल बघत उभी राहतात. तासाभराने "आज मासाच नाय" म्हणत गाडीकडे. अहो मासा आहे, पण तो तिकडे लांब कशाला जाईल, खाणं सगळं कडेला असताना?

माझं मत विचाराल तर पूर्ण सुकतीला, म्हणजे ओहोटीने पाणी पार उतरलेलं असताना, गळ टाकूच नये, नुसतं फिरावं. भरतीला समुद्र सगळीकडे सारखाच दिसतो, पण पाणी उतरलं की खालची वाळू उघडी पडते आणि सगळं कळतं. किनाऱ्याला समांतर गेलेले चर, पुढे उंच झालेली वाळू, आणि त्या उंचवट्याला मध्येच पडलेली खिंड, जिथून पाणी परत आत ओढलं जातं. पाणी चढायला लागलं की मासे त्या खिंडीतून शिरतात आणि चरात चरत फिरतात. मागचं एखादं सुरूचं झाड खुणेला धरून ठेवायचं, झालं. (पोहणाऱ्यांना ओढून नेणारी जागाही बहुतेक वेळा हीच, तेव्हा पोरांना तिथे उतरू देऊ नका.) गेल्या वर्षीची जागा यंदा चालेलच असं नाही, पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि नंतर हळूहळू परत आणून टाकतात, काजळी नदीच्या मुखाकडे तर विचारूच नका.

वेळेसाठी ॲप आहेतच, पण आपला पाऊणपटीचा हिशोब अजून चालतो. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ४ चे पाऊणपट ३, म्हणजे तीनला भरती, त्यात सव्वासहा तास मिळवले की सव्वानऊला सुकती. थोडंफार इकडेतिकडे. पुनवेला आणि अवसेला सुकती सकाळ-संध्याकाळ साडेपाच-सहाच्या आसपास येते आणि पाणीही लांबपर्यंत उतरतं, म्हणून मला तेच दिवस आवडतात. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते तेव्हा, पाणी फार हलतच नाही, मजा नाही. पाणी फिरलं की पुढचे दोन तास, तेवढीच खरी वेळ.

फिरता फिरता आमिष पण फुकट मिळतं. लाट मागे सरते तिथे ओल्या वाळूत बोटं घाला, चिंचोक्याएवढे राखाडी खेकडे हाताला लागतात, नांगी नाही, चावत नाहीत, हातावर ठेवले तरी उलटे उलटे बोटांच्या फटीत घुसायला बघतात. पालू माशाला ते चालतात. पण मुडदुशीला (लेडीफिशला) कोलंबीच, सोललेली, तीही नखाएवढा तुकडा, कारण तिचं तोंड एवढंसं. बारीक गळ, पातळ तंगूस (गळाची नायलॉनची दोरी), शिसं हलकं, वाळूवर जरा सरकेल असं. ती गपकन ओढत नाही, टक टक टक करते, आणि तिथेच नवशिके झटका देऊन आमिष घालवतात. घाबरली की वाळूत घुसून बसणारा मासा आहे हा, जाळ्याखालूनसुद्धा सुटतो, मग चरात पाय आपटत कशाला फिरायचं?

शिंगाळा लागला तर हाताने धरू नका, पाठीवरचा आणि बाजूचे दोन काटे वाईट असतात, पक्कड वापरा. केंड (फुगणारा मासा) लागला तर गळ गेलाच समजा, दातांनी तंगूस कापतो, आणि तो विषारी, घरी न्यायचा नाही. पाण्यात चालताना पाय उचलून न टाकता घासत चला, वाळूखाली पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) असली तर सरकून जाते.

आणि एक, सुकतीला ओली वाळू कडक दिसते म्हणून त्यावर गाडी घालणारे शूरवीर. चाकं रुतली की भरती थांबत नाही, मग दोर आणा, ट्रॅक्टर आणा, आणि ओढायला आम्ही गरवणारेच, गळाने मासे धरणारे! आमची ती दोन तासांची वेळ तुमच्या गाडीपायी जाते ओ.

मुडदुशी मिळालीच तर कालवण वगैरे करू नका. हळद, मीठ, तिखट, आगळ, वरून तांदळाचं पीठ आणि तव्यावर. काटा मधला एकच मोठा, पोरंपण खातात.