सोरायसिस : कोल टार, यूव्हीबी आणि खान्देशचं ऊन

दगडी कोळशापासून कोक बनवताना जो काळा, चिकट पदार्थ निघतो तो कोल टार. सोरायसिस या कातडीच्या आजारात त्याचं मलम लावतात. रस्त्यावरचं डांबर खनिज तेलातून येतं, ते चुकूनही अंगाला लावू नये. सोरायसिसमध्ये कातडीच्या पेशी महिनाभराचं काम काही दिवसांत उरकतात, म्हणून खपल्या साचतात. टार हा वेग कमी करतो, खाजही कमी होते. 1925 मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या डॉ. विल्यम गेकरमन यांनी त्याला अतिनील किरणांची जोड दिली.

आता बहुतेक ठिकाणी नॅरोबँड यूव्हीबी वापरतात, म्हणजे अतिनील किरणांपैकी साधारण 311 नॅनोमीटरचे किरण. किरणांच्या मशीनसमोर उभं राहायचं, आठवड्यातून तीनदा, एकूण वीस ते तीसच्या आसपास बैठका. डोळ्यांवर गॉगल हवाच आणि पुरुषांनी जननेंद्रिय झाकायचं. यात टाळाटाळ नको.

सगळ्यात जास्त गडबड मलमात होते. आपल्याकडच्या टारच्या मलमात बहुधा सॅलिसिलिक अॅसिडही असतं. ते खपल्या सुटायला चांगलं, पण किरण अडवतं. टारचा जाड थरही तेच करतो. म्हणून मलम रात्री लावा, सकाळी आंघोळीत पूर्ण धुवून काढा आणि मगच मशीनसमोर उभे राहा. जाड खपलीवर आधी लिक्विड पॅराफिनचा (औषधी खनिज तेलाचा) पातळ हात फिरवला तर किरण आत नीट पोचतात. टारचे डाग सहसा निघत नाहीत, तेव्हा रात्रीची चादर आणि कपडे जुनेच ठेवा. चेहरा, काखा, जांघा इथे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय टार लावू नका. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळचा उकाडा, घाम आणि टार एकत्र आले की केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. तसं झालं की त्या जागी काही दिवस थांबावं.

"ऊन फुकट आहे, मशीन कशाला?" हा प्रश्न रास्त आहे, कारण आठवड्यातून तीनदा एसटीने तालुक्याहून यायचं म्हणजे मजुरी बुडते. पण उन्हाचा डोस मोजता येत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात यूव्हीबी फारच कमी असतं, भर दुपारी ते भाजून काढतं. आणि सोरायसिसमध्ये जिथे भाजतं, खरचटतं तिथेच नवे चट्टे उठू शकतात. टार लावलेली कातडी तर उन्हात लवकर पोळते. बैठकीच्या दिवशी केळीच्या बागेत जाणं भागच असेल तर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला रुमाल हवा.

कॅन्सरची भीती? टारच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांत धोका दिसला आहे. मलम वापरणाऱ्या रुग्णांच्या मोठ्या पाहणीत मात्र तो वाढलेला आढळला नाही. नॅरोबँडचंही आतापर्यंत तसंच दिसतं. गोळी घेऊन मग यूव्हीए जातीचे अतिनील किरण घ्यायच्या पुवा उपचाराची गोष्ट वेगळी, त्यात खूप बैठका झाल्या की त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) असेल, आधी त्वचेचा कॅन्सर झाला असेल किंवा कातडी किरणांना नाजूक करणारं डॉक्सिसायक्लिनसारखं औषध चालू असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

बैठकीनंतर हलकी लाली येऊन चोवीस तासांत गेली तर चिंता नाही. ती टिकली तर पुढच्या वेळी डोस वाढवायचा नाही. दुखली किंवा फोड आला तर उपचार थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. कापूस वेचणीत दोन-तीन आठवडे खंड पडला असेल तर मशीन चालवणाऱ्याला तसं आधीच सांगा. मग डोस साधारण निम्म्यावर आणतात, आणि महिना उलटला असेल तर पहिल्यापासून सुरू करतात.