आधी लाइफ जॅकेट

माल्टा आणि लिबियाच्या मधल्या पाण्यातून जाताना जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, कोणी बोलून दाखवत नाही, पण कॅप्टनपासून कॅडेटपर्यंत सगळ्यांच्या मनात एकच असतं: लिबियातून युरोपकडे निघालेल्या माणसांनी भरलेली होडी आपल्या वाटेत येऊ नये. ऐकायला निर्दय वाटेल. मी मालवाहू जहाजांवर सेकंड मेट आहे, त्यामुळे ही भीती कशाची ते मला ठाऊक आहे. होडी संकटात दिसली तर थांबावंच लागतं. समुद्रावरच्या सुरक्षिततेचा 'सोलास' करार आणि समुद्रकायद्याचं 98वं कलम दोन्ही तेच सांगतात, आणि बुडणाऱ्याचा पासपोर्ट कुठला हे दोन्हीकडे विचारलेलं नाही. पण थांबून करायचं काय?

जहाज रिकामं असलं की आमचा डेक पाण्यापासून दोन-तीन मजले उंच. खाली शंभरेक माणसं कोंबलेली रबरी होडी. आम्ही वरून शिडी सोडणार. लाटेबरोबर होडी वर आली की तेवढ्यात शिडी धरायची. हुकलं तर होडी आणि जहाजाचं पोलाद यांच्यामध्ये सापडायचं. जहाज बंदरात आणायला येणारे, रोजची सवय असलेले पायलटसुद्धा ही शिडी जपून चढतात. उलट्या करकरून गळून गेलेला माणूस, कडेवर मूल घेऊन, कसा चढणार? शिवाय जहाज जवळ आलं की होडीतले सगळे एका बाजूला धावतात. 18 एप्रिल 2015 च्या रात्री 'किंग जेकब' हे मालवाहू जहाज मदतीला गेलं, तर खच्चून भरलेली मासेमारी बोट त्याच्यावरच आदळून उलटली. 28 जण वाचले, मेले सातशेहून जास्त. शिक्षा झाली ती बोट हाकणाऱ्याला.

म्हणून सी-वॉच, एसओएस मेडिटेरेनी, ओपन आर्म्स या स्वयंसेवी बचाव-संस्थांचं काम बघताना मला आधी कौतुक वाटतं ते त्यांच्या कसबाचं. (ओपन आर्म्सचा संस्थापक ऑस्कर कॅम्प्स मुळात जीवरक्षकच.) त्यांचं मोठं जहाज लांब थांबतं. छोट्या वेगवान बोटी सुटतात, त्याही थेट होडीवर जात नाहीत. पहिलं काम बोलण्याचं. अरबी, फ्रेंच येणारा एक जण नुसत्या आवाजावर सगळ्यांना खाली बसवतो: आम्ही तुम्हाला परत नेणारे लिबियाचे नाही, सगळ्यांना घेणार आहोत, उठू नका. मग लाइफ जॅकेट, हातोहात, शेवटच्या माणसापर्यंत. ते झाल्याशिवाय सहसा कोणाला उचलत नाहीत.

एक गोष्ट मला कुठल्याच कोर्समध्ये शिकवली नव्हती. होडीच्या तळाला सांडलेलं पेट्रोल आणि खारं पाणी एकत्र साचतं, आणि त्यात तासन् तास बसलं की कातडी सोलून निघते. बायका-मुलांना सांभाळून म्हणून मधोमध बसवलेलं असतं, आणि पाणी नेमकं तिथेच जमतं. त्यामुळे असं भाजलेल्यांत बायका जास्त. जहाजावर घेतलं की आधी त्यांचे ओले कपडे उतरवून अंग गोड्या पाण्याने धुवावं लागतं. आमच्यासारख्यांनी काय केलं असतं? ब्लँकेट पांघरलं असतं, त्याच कपड्यांवर.

खरं तर हे सरकारांचं काम. 3 ऑक्टोबर 2013 ला इटलीच्या लांपेदूसा बेटाजवळ 368 माणसं बुडाल्यावर इटलीच्या नौदलाने 'मारे नोस्त्रुम' मोहीम काढली आणि वर्षभरात जवळपास दीड लाख लोक वाचवले. खर्च महिन्याला सुमारे 90 लाख युरो. तो वाटून घ्यायला बाकीचा युरोप पुढे आला नाही, आणि 2014 च्या अखेरीस मोहीम बंद पडली. वाचवायला जहाजं असतात म्हणूनच लोक निघतात, हे आमच्या मेसमध्येही ऐकायला मिळतं. पण किंग जेकबच्या त्या रात्री मारे नोस्त्रुम संपलेली होती आणि बहुतेक स्वयंसेवी जहाजं अजून यायची होती. तरी लोक निघालेच होते.

जानेवारी 2023 पासून इटलीत स्वयंसेवी जहाजांना नियम आहे की एक बचाव झाला की लगेच नेमून दिलेलं बंदर गाठायचं. सिसिली हाकेच्या अंतरावर असताना बंदर मिळतं दूर उत्तरेचं, रावेन्ना नाहीतर अँकोना. ऐकलं नाही तर दंड आणि जहाज 20 दिवस अडकवून ठेवायचं. चार्टवर जहाजाचा मार्ग आखणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे सांगतो: जाऊन-येऊन आठवडा सहज मोडतो, डिझेल जळतं ते वेगळंच. तेवढे दिवस त्या पाण्यात उरतो तो आमच्यासारखा मालवाहू.

आणि मालवाहूचं काय होतं, ते 'मेर्स्क एटिएन' या टँकरने भोगलं. ऑगस्ट 2020 मध्ये माल्टाच्याच सांगण्यावरून त्याने 27 जणांना घेतलं, आणि मग उतरवायला कोणी बंदर देईना. 38 दिवस. मधे तिघांनी समुद्रात उड्या मारल्या. खलाशांनी पुन्हा बाहेर काढलं. शेवटी 'मारे जोनियो' या इटलीच्या स्वयंसेवी जहाजाने त्यांना आपल्याकडे घेतलं आणि सिसिलीतल्या पोत्सालोला उतरवलं. पुढे टँकरच्या कंपनीने मारे जोनियोवाल्यांना 1,25,000 युरो दिले, तर सरकारी वकिलांनी मारे जोनियोवाल्यांवरच पैशांसाठी माणसं आणल्याचा तपास लावला. जहाज ओढणाऱ्या टगला, पायलटला, बंदराला आम्ही प्रत्येक फेरीत पैसे मोजतो. त्या 38 दिवसांत टँकरचं रोजचं भाडं किती बुडालं असेल, याचा हिशोब माझा कॅप्टन तोंडी सांगेल.