पंचवीस हजार रुपये आणि जुना पीसी: आधी काय बदललं

२०२३च्या दिवाळीत बोनस हातात आला आणि घरच्यांच्या नजरेआड त्यातले पंचवीस हजार मी पीसीसाठी बाजूला काढले. पीसी २०१८च्या शेवटी जोडलेला. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, १ टीबीची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटबरोबरच आलेला एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. मॉनिटर साधा, १०८०पी, ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा. व्हॅलोरंट हा गेम त्यावर मजेत चालायचा. सायबरपंक २०७७ मात्र सगळं ‘लो’वर ठेवूनही रडतखडत चालायचा.

सल्ले देणाऱ्यांची कमी नव्हती. ऑफिसातला मित्र म्हणाला, "सरळ कार्ड टाक, बाकी सगळं झूट." मावसभाऊ म्हणाला, "दादा, प्रोसेसर म्हातारा झालाय तुझा, नवीन कार्ड बसून राहील नुसतं." मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने तर माझी यादी पुरती ऐकूनही घेतली नाही. "साहेब, जुन्यावर पैसे कशाला घालताय? नवीन सेट घ्या, बोर्ड-प्रोसेसर-रॅम सगळं." नवीन सेटमध्ये कार्ड नव्हतंच, त्याचे पैसे वेगळे.

तिघांपैकी एकानेही मी कोणता गेम खेळतो ते विचारलं नव्हतं. म्हणून आधी घरीच मोजमाप करायचं ठरवलं. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारा रिव्हाट्यूनर ही मोजमापाची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वेगवेगळा वापर, रॅम आणि फ्रेमटाइमचा, म्हणजे एकेक चित्र (फ्रेम) तयार व्हायला लागणाऱ्या वेळाचा, आलेख लावला. प्रत्येक कोअर वेगळा दाखवणं महत्त्वाचं. प्रोसेसरचा एकूण वापर ४५ टक्के दिसतो आणि आपल्याला वाटतं भरपूर जागा आहे, पण गेमचा मुख्य थ्रेड ज्या एका कोअरवर चालतो तो पार गळ्यापर्यंत भरलेला असू शकतो.

सायबरपंकमध्ये जपानटाउनच्या गर्दीत उभा राहिलो. कार्ड ९९ टक्के, एफपीएस, म्हणजे सेकंदाला तयार होणारे फ्रेम, तीसच्या आसपास. रिझोल्यूशन ७२०पी केलं तर एफपीएस चाळीसच्या वर गेले. म्हणजे अडत होतं ते कार्डापाशीच, कारण प्रोसेसर अडवत असता तर रिझोल्यूशन उतरवून आकडा जागचा हलला नसता. व्हॅलोरंटमध्ये नेमकं उलट. तिथे कार्ड निवांत, एक-दोन कोअर तापलेले, आणि ७२०पी केलं काय नि न केलं काय, एफपीएस तेवढेच. पण ते शंभरच्या बरेच वर होते आणि मॉनिटर दाखवणार साठ. त्यासाठी प्रोसेसरवर पैसे घालण्यात काही अर्थ नव्हता.

खरी गंमत पुढे दिसली. गाडी जोरात पळवली की फ्रेमटाइमच्या आलेखात मधूनमधून उंच सुळके यायचे आणि त्याच क्षणी चित्र अडकायचं. रॅमचा आकडा साडेसात जीबीच्या पुढे, मागे क्रोम आणि डिस्कॉर्ड उघडं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के. रॅम भरली की विंडोज उरलेला माल हार्ड डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकतं, आणि तीच बिचारी डिस्क त्याच वेळी पुढचा रस्ता, इमारती, टेक्श्चर वाचत असते. एफपीएस कमी असणं आणि मध्येच झटका बसणं हे दोन वेगळे आजार आहेत. कार्ड बदलून पहिला गेला असता, दुसरा तसाच राहिला असता. त्यात सायबरपंकच्या २.० अपडेटनंतर किमान गरजांच्या यादीतून हार्ड डिस्क गेली होती आणि तिच्याहून बरीच वेगवान एसएसडी आली होती.

मग हिशेब मांडला. मनात होतं आरएक्स ६६००, तेव्हा वीस हजारांच्या थोडं वर. त्याच किमतीच्या आसपास आरटीएक्स ३०५० मिळत होतं, पण नुसत्या ताकदीत ते ६६००च्या मागे. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त होतं, पण ते पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या मार्गाच्या, चारच लेन वापरतं. माझ्या बोर्डवर पीसीआयई ३.० असल्याने त्या चार लेनही अर्ध्या वेगाच्या, म्हणून ते लगेच बाद. ६६०० आठ लेन वापरतं, ३.०वर त्याचं फारसं अडत नाही. क्रिप्टो-चलनाच्या मायनिंगमधून निघालेली जुनी कार्डं बाजारात होतीच. २०२२च्या सप्टेंबरमध्ये इथेरियमचं कार्डांवरचं मायनिंग बंद पडल्यावर ती स्वस्त झाली होती. पण वॉरंटी नसलेल्या वस्तूवर एवढी रक्कम लावायची माझी छाती नाही.

आणि मग एसएमपीएस. कॅबिनेटची बाजू उघडून टॉर्चच्या उजेडात त्याचं लेबल वाचलं. मोठ्या अक्षरात ४५०, आणि खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. म्हणजे १९२ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतात. ६६००चे १३२ आणि प्रोसेसरचे जोरात असताना ८८, झाले २२०. १०५० टीआय ७५ वॅटमध्ये, तेही थेट स्लॉटमधून वीज घेऊन भागवत होतं, म्हणून इतकी वर्षं खपून गेलं. या एसएमपीएसला ६६००साठी लागणारी आठ पिनची वायरसुद्धा नव्हती. म्हणजे कार्डाबरोबर चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) असलेला एसएमपीएस घेणं भाग, त्याचे चारेक हजार. पंचवीस हजार तिथेच संपले.

त्यामुळे क्रम आपोआप ठरला. आधी ८ जीबीची दुसरी स्टिक आणि थेट बोर्डावर बसणारी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, दोन्ही मिळून पाच हजारांच्या आत. उरलेल्यात पुढच्या दोन पगारांतून भर घालून कार्ड आणि एसएमपीएस एकदमच घ्यायचे, वेगवेगळे नाहीत.

रॅम बसवताना प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट, म्हणजे ड्युअल चॅनल चालू होतं, दोन्ही स्टिक्स जोडीने काम करतात. जुन्या स्टिकवर ३२०० हा वेग लिहिलेला, पण बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, ती आजवर २४००वरच धावत होती, कारण एक्सएमपी, म्हणजे रॅम लिहिलेल्या वेगाने पळवणारं सेटिंग, कधी कोणी चालूच केलं नव्हतं. ते चालू केलं तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्टिक्सनी ३२००ला नकार दिला, पीसी दोन-तीनदा बंद-चालू होऊन पुन्हा मूळपदावर. २९३३ ठेवलं, मुकाट्याने चालल्या. २६००ला अधिकृत वेग तेवढाच आहे, आणि रायझनमध्ये कोअर जोडणाऱ्या आतल्या फॅब्रिकचा वेगही रॅमबरोबर वाढतो, त्यामुळे हा फायदा फुकटातला. एसएसडीसाठी बोर्डाच्या खोक्यातला तो तिळाएवढा स्क्रू शोधण्यात मात्र अख्खी दुपार गेली. विंडोज आणि सायबरपंक एसएसडीवर, बाकी पसारा हार्ड डिस्कवर.

सरासरी एफपीएस दोन-चारनेच वाढले. पण सुळके जवळजवळ गेले. गाडी पळवताना चित्र अडकेना, आणि ‘लो’वर, एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारं तंत्र) लावून, गेम खेळण्यासारखा झाला. एफएसआर एएमडीचं असलं तरी एनव्हिडियाच्या जुन्या कार्डावरही चालतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

संक्रांतीनंतर कार्ड आणि एसएमपीएस आणले. जुने ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रॅमने काढले, मगच नवीन कार्ड. आता सेटिंग ‘हाय’, एफपीएस साठच्या वर. जपानटाउनच्या गर्दीत कार्डचा वापर ऐंशी टक्क्यांच्या खाली येतो, म्हणजे मावसभावाने म्हातारा ठरवलेला माझा प्रोसेसर आता खरोखर आडवा येतोय. त्यालाही इलाज आहे: याच बोर्डवर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० बसतो. फक्त अपडेट जुना प्रोसेसर काढण्याआधी करायचं, कारण जुन्या बायोसवर ५६०० लावला तर पीसी सुरूच होणार नाही.

पण ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर साठाच्या वरचे फ्रेम दिसणारच नाहीत. तेव्हा प्रोसेसरच्या आधी १४४ हर्ट्झचा मॉनिटर. मावसभावाला हे पटलेलं नाही. त्याला जुनं १०५० टीआय देऊन टाकलं आहे, त्याच्या कॅबिनेटमधलाही एसएमपीएस माझ्यासारखाच फुकटात आलेला आहे.