बार्नेगाटच्या दगडांवर टॉटॉग मासा गरवायला: जाणार असाल तर आधी हे वाचा

"दीपस्तंभापासून पार टोकापर्यंत सिमेंटची वाट आहे, आरामात जाशील," असं मला सांगितलं होतं. साफ चूक. न्यू जर्सीतल्या बार्नेगाट दीपस्तंभापाशी कठड्याची वाट आहे खरी, पण ती मध्येच संपते. पुढे समुद्रात घुसलेला नुसता दगडांचा बांध. साधे रबरी बूट घालून चढलो आणि वीस पावलांत दोनदा आपटलो. तिसऱ्यांदा पाय फटीत पोटरीपर्यंत गेला, नडगी सोलून निघाली. चार दिवस झाले, अजून ठणकतेय.

काळपट ओल्या दगडावर पाय टाकायचाच नाही, तिथे शेवाळ असतं. कोरडा, पांढुरका दगड शोधा. बुटांना खाली खिळे बांधल्याशिवाय जाऊ नका, एकट्याने तर मुळीच नाही. बांधावरून लाट जाताना दिसली तर तिथूनच मागे फिरा.

वाटेतल्या एका दुकानात हिरव्या चिंबोऱ्या घेतल्या. पैसे पूर्ण डझनाचे, निम्म्या मेलेल्या. पाय हलतात का बघूनच घ्या. चिंबोरी अर्धी कापून गरीला लावायची. टॉटॉग कपारीत राहतो, दाढांनी कवच फोडून खातो. पहिली टकटक सोडून द्या; दांडी जड लागली की लगेच वर खेचा. क्षणभर ढिलाई झाली की तो कपारीत शिरतो आणि तंगूस (गरीची दोरी) तुटतो. माझी शिशाची नऊ वजनं अशीच गेली.

ओहोटीच्या ओढीत शिसं तळाला टिकतच नाही. दोन तास फुकट गेले. पाणी थांबलं आणि वीस मिनिटांत चार लागले, एक तर बावीस इंची! त्या वेळी नडगीची आठवणही राहिली नाही.

टॉटॉग १५ इंचांहून लहान ठेवता येत नाही. १५ नोव्हेंबरपर्यंत दिवसाला एकच, १६ नोव्हेंबरपासून डिसेंबरअखेर पाच. म्हणून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याआधी एवढा खटाटोप करू नका. राज्याची खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीसाठीची नोंदणी फुकट आहे, सोळा वर्षं आणि त्यावरच्यांनी ती करायलाच हवी.

दुसऱ्या दिवशी खाडीच्या मुखापलीकडे, आयलंड बीचच्या वाळूवरून स्ट्राइप्ड बास गरवला. मजेत गेला दिवस. हा मासा २८ ते ३१ इंचांमधला, एकच ठेवता येतो.

बांधावर जाणार असाल तर डोक्याला लावायची बॅटरी घ्या. त्या दिवसांत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. मासा लागत असला तरी साडेतीनला गुंडाळा, कारण परतताना तेच दगड पुन्हा पार करायचे आहेत.