'कल्ला'तलं जास्तीचं वजन कुणाचं?

गण पाडताना 'कला' लघु-गुरू येतं आणि 'कल्ला' गुरू-गुरू. स्वर तेच, वाढला तो फक्त ल. त्याचा अर्धा भाग मागच्या अक्षराला टेकतो आणि ते अक्षर जड होतं. इथवर शाळेत शिकलेलं. पण जड करतं कोण: अक्षर व्यंजनाने बंद होणं, की दीर्घ व्यंजन स्वतः? 'भस्म'मधला भसुद्धा गुरूच असतो आणि तिथे द्वित्त (तेच व्यंजन दोनदा, म्हणजेच दीर्घ व्यंजन) नाही, त्यामुळे मराठीवरून निकाल लागत नाही.

भाषाशास्त्रज्ञ ब्रूस हेझ यांनी १९८९ मध्ये मांडलं की द्वित्त व्यंजन मुळातच स्वतःची मात्रा, म्हणजे वजनाचं एकक, घेऊन येतं. याला सायबेरियातली सेल्कुप भाषा आडवी येते. तिथे आघात (उच्चारातला जोर) दीर्घ स्वराच्या अक्षराकडे ओढला जातो, द्वित्ताने बंद झालेलं अक्षर मात्र हलकंच धरलं जातं. दक्षिण थायलंडमधली पट्टाणी मलय भाषा याच्या अगदी उलट! एरवी आघात शब्दाच्या शेवटी असतो, पण शब्द द्वित्तानेच सुरू झाला तर तो पहिल्या अक्षरावर येतो. तिथे बंद व्हायला मागे अक्षरच नाही, मग वजन आलं कुठून? म्हणून मी हेझकडे झुकतो. सेल्कुपचं उत्तर माझ्याकडे नाही. हट्ट म्हणा हवं तर.

जाता जाता: 'तुम्ही'त जोडाक्षर दिसतं, तरी 'तु' लघुच. 'म्ह' हा तोंडात एकच महाप्राण (ह मिसळलेला) ध्वनी आहे. 'जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत नसेल तर ते लघु' हा छंदशास्त्राचा अपवाद लोकांना पळवाट वाटतो, मला तो चोख ध्वनिविचार वाटतो.