बर्फावरची खाण परवडते कशी?

कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधील एका हिऱ्याच्या खाणीत मी पुरवठ्याचे नियोजन करीत असे, हे कळल्यावर लोक पहिल्यांदा विचारतात की हिरा हातात घेऊन पाहिला का. नाही. दळलेल्या खडकावर क्ष-किरण टाकले की हिरा चमकतो आणि हवेचा झोत त्याला कुलूपबंद पेटीत उडवतो. कामगाराच्या बोटांचा त्याला स्पर्शही होत नाही. दुसरा प्रश्न मात्र सविस्तर उत्तर मागणारा असतो: जिथे रस्ता नाही, गाव नाही आणि पारा उणे चाळीसपर्यंत उतरतो, तिथे खाण काढणे परवडते तरी कसे?

पहिले कारण वजनाचे आहे. लोखंडाच्या खाणीला रेल्वे आणि बंदर लागते. डायाव्हिकसारख्या श्रीमंत खाणीत एक टन खडकातून तीन-चार कॅरेट, म्हणजे एक ग्रॅमही न भरणारा माल निघतो, आणि तो छोट्या विमानातून बाहेर जातो. अडचण आत येणाऱ्या मालाची असते. कोट्यवधी लिटर डिझेल, स्फोटकांचा कच्चा माल, सिमेंट, माणसापेक्षा उंच टायर हे सारे वर्षभरासाठी एकदाच, साधारण आठ आठवड्यांत आणावे लागते, कारण यलोनाइफ या तिथल्या राजधानीच्या उत्तरेला खाणींकडे जाणारा रस्ता फक्त फेब्रुवारी-मार्चमध्येच असतो.

हा रस्ता बहुतांशी गोठलेल्या तलावांवरून जातो. बर्फावर साचलेला भुसभुशीत हिम पांघरुणासारखा ऊब धरून ठेवतो, म्हणून आधी तो खरवडून काढतात, रडारने जाडी मोजतात आणि कमी पडेल तिथे पाणी ओतून थर चढवतात. जाडी एक मीटरच्या आसपास पोहोचली की पूर्ण भरलेले टँकर सोडतात, तेही ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत आणि एकमेकांत अंतर राखून. ही मर्यादा घसरण्याच्या भीतीने घातलेली आहे असे बहुतेकांना वाटते, पण खरे कारण खाली असते. ट्रकच्या भाराने बर्फ किंचित वाकतो आणि त्याखालच्या पाण्यात लाट उठते; वेग वाढला तर ती किनाऱ्यावर आदळून परत फिरते आणि बर्फ खालून फोडते. चाकांखाली बर्फ तडतडतो तेव्हा नवख्याच्या पोटात गोळा येतो. जुने चालक मात्र सांगतात की आवाज करणारा बर्फ बरा, गप्प बसलेल्याची काळजी करावी.

म्हणूनच मी सांगतो की थंडी ही या खाणींची अडचण नसून त्यांचे भांडवल आहे. एकाती खाणीत तर असे बंधारे आहेत की ज्यांचा गाभाच गोठलेला असतो आणि तो गोठलेला आहे म्हणूनच पाणी अडते. २००६ साली हिवाळा उबदार गेला, रस्ता लवकर बंद झाला आणि राहिलेला माल विमानाने न्यावा लागला. डिझेल विमानातून नेण्याचा खर्च कागदावर मांडताना नियोजन करणाऱ्याची झोप उडते.

हिरेसुद्धा बहुधा तलावांच्याच तळाशी सापडतात. हिरे वर आणणारा किंबरलाइट खडक भोवतालच्या ग्रॅनाइटपेक्षा मऊ असल्यामुळे हिमनद्यांनी तो खरवडला आणि त्या खोलगटात पाणी साठले. या खडकातून हिमनद्यांनी वाहून नेलेल्या गार्नेटसारख्या खनिजांचा माग उलट दिशेने काढत चक फिप्के आणि स्टुअर्ट ब्लसन हे भूवैज्ञानिक तिथवर पोहोचले. १९९१ मध्ये शोध जाहीर झाला आणि १९९८ मध्ये एकाती सुरू झाली. डायाव्हिकला २००३ मध्ये उत्पादन सुरू होण्यापूर्वी लाक द ग्रा या तलावातच बांध घालून आतले पाणी उपसावे लागले.

परंतु परवडण्याच्या हिशेबात काय धरायचे, यावर उत्तर अवलंबून आहे. या भागातल्या बाथर्स्ट नावाच्या कळपातील कॅरिबू, म्हणजे उत्तरेकडचे रानटी रेनडियर, १९८६ मध्ये चार लाखांहून अधिक होते, २०२१ पर्यंत ते सहा हजारांच्या आसपास उरले. एवढ्या घसरणीचा दोष एकट्या खाणींच्या माथी मारता येणार नाही. पण त्यांच्या वाटेत खाणी आणि रस्ते आले हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि त्या कळपावर जगणाऱ्या त्लिचो व इतर डेने या आदिवासी लोकांशी नोकऱ्यांचे आणि मोबदल्याचे करार झाले असले, तरी कॅरिबूची भरपाई पगाराने होत नाही, असे माझे मत आहे.

इकडे बाजारही बदलला. कॅनडातला कच्चा हिरा पैलू पाडायला बहुधा सुरतेला येतो आणि पुढे मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये त्याचा सौदा होतो. त्याच सुरतेत आता प्रयोगशाळेतले हिरेही तयार होतात आणि त्यांनी खाणीच्या हिऱ्याचा भाव पाडला आहे. डायाव्हिकचे उत्पादन २०२६ मध्ये थांबणार, हे आधीच जाहीर झाले होते. तिचे साठेच संपत आले होते. बर्फाच्या रस्त्याचा खर्च मात्र खाणी वाटून घेत आल्या आहेत, आणि वाटेकरी कमी झाला की उरलेल्यांच्या हिश्श्याला येणारी रक्कम वाढते.

खाण बंद करण्याचा खर्च सुरुवातीलाच तारण म्हणून सरकारकडे ठेवावा लागतो, तो यलोनाइफच्या सोन्याच्या जायंट खाणीमुळे. तिथे जमिनीखाली २ लाख ३७ हजार टन विषारी आर्सेनिक ट्रायऑक्साइड उरले आणि ते आवरण्याचे बिल करदात्यांवर आले. डायाव्हिकच्या आराखड्यात खड्डे तलावाच्या पाण्याने भरायचे आणि ते पाणी तपासणीत उतरले तरच बांध फोडायचा, असे ठरले आहे.