खाणीतली शाळा: आमच्या ऑफिसची वाटचाल

आर्किटेक्टचं ऑफिस सुरू केलं तेव्हा आम्ही दोघंच, मी आणि एक ड्राफ्ट्समन. कामं म्हणजे बागायतदारांचे बंगले आणि चाकरमान्यांच्या जुन्या घरांची डागडुजी. 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडून कौलं उतरवून पत्रे घालायची कामं आली. मनाविरुद्ध होती, पण पगार त्यातूनच निघाले.

मग राजापूरकडच्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, शाळा बांधायचं काम आलं. जमीन सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. विश्वस्त म्हणाले, सपाट जागा आहे, झाड तोडायला नको, पाया तर देवानेच घालून दिलाय. मे महिन्यात तो तापलेला काळा कातळ बघितला की कुणालाही हे पटेल. आमच्याकडे नकाशे काढणारी मुलगी त्याच भागातली. ती म्हणाली, "सर, एक पाऊस पडू द्या, मग आखणी करू."

पहिल्या सरींनंतर दीपकाडीची पांढरी फुलं वर आली. ही दीपकाडी कोकणातल्या सड्यांबाहेर फारशी कुठे सापडत नाही. श्रावणापासून गेंद आणि सीतेची आसवं. दिसायला नाजूक निळी-जांभळी, पण ही आसवं पाण्यातले बारीक जीव पकडून खातात, कारण कातळावरच्या बोटभर मातीत पोषण नसतंच. त्या मातीवर डंपर एकदा फिरला की संपलं. सिमेंटचं पाणी सांडलं तरी आम्लधर्मी मातीचा गुण बदलतो. शिवाय इथला जांभा दगड सच्छिद्र. सड्यावर मुरलेलं पाणी खाली वाडीच्या विहिरींना लागतं. वर शौचालयाची टाकी गळली, तर ते कुठे जाईल हे वेगळं सांगायला नको. या पट्ट्यात कातळशिल्पंही, म्हणजे कातळावर कोरलेली प्राचीन चित्रं, आहेत, त्यामुळे माती सरकवतानाही हात आखडता घ्यावा लागतो.

सड्याच्या कडेला एक बंद पडलेली चिरेखाण होती, जांभ्याचे चिरे काढायची. तिथलं जे बिघडायचं ते आधीच बिघडलेलं. शाळा तिथे घ्या, असं आम्ही सुचवलं.

"पोरांना खड्ड्यात घालताय काय?" एक विश्वस्त म्हणाले. बैठकीत सगळे हसले, मीसुद्धा.

खाणीच्या पश्चिमेकडच्या उभ्या कातळाने पावसाळी वारा अडतो, म्हणून वर्ग त्याच्या आडोशाला बसवले. भिंती चिऱ्याच्या, बाहेरून गिलावा नाही. छप्पर उतरतं, मंगळुरी कौलांचं, पुढे रुंद पडवी, म्हणजे झड वर्गात येत नाही. पागोळ्यांचं पाणी खाणीच्या सर्वांत खोल भागात साठतं आणि तिथून खाणीच्या उघड्या बाजूने चरातून सावकाश उतारावर जातं. सांडपाण्याच्या टाकीवर सगळ्यात जास्त वाद झाले; शेवटी ती विहिरींच्या उलट अंगाला गेली. सड्यावरून रस्ता काढलाच नाही. मुलं वाडीतून जुन्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, चढून येतात.

क्षेत्रफळ घटलं, खर्च घटला, आणि बांधकामाच्या टक्केवारीवर ठरलेली आमची फीसुद्धा. तेव्हापासून पावसाळाभर जागा पाहण्याची फी आम्ही वेगळी लावतो. काही गिऱ्हाईकं तेवढ्यावरूनच परत जातात. कंत्राटदाराच्या करारातही आता एक कलम असतं: सड्यावर जेसीबी, डंपर, खडी, वाळू काहीही चढवायचं नाही. त्यापायी दर चढवून सांगतात. घासाघीस होते, कलम राहतं.